कानस मारून बसवलेली रॅम

फिटरबाबांच्या घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा आधी बुचकळ्यात पडायचा. मिक्सरला लाल दोरा. भिंतीवरच्या घड्याळाला लाल दोरा. टीव्हीच्या रिमोटला, इस्त्रीला, शेगडीच्या बटणांना, एवढंच काय, मशीनच्या तेलाच्या बुधलीलासुद्धा गळ्यापाशी लाल दोऱ्याची एकेक गाठ. पाहुणा अदबीने विचारायचा, "नजर लागू नये म्हणून का हो?"

आतून शिवणकाकूंचा आवाज यायचा, "नजर नाही हो, हात! ह्यांचा हात लागू नये म्हणून!"

आणि फिटरबाबा पाहुण्यासमोर बसून, कोणीतरी आपलं कौतुक करतंय अशा थाटात हसायचे.

सगळा जन्म त्यांनी बसच्या डेपोत फिटर म्हणून काढला. त्या डेपोत बस यायच्या, पण बसचे सुटे भाग यायचे नाहीत. मागणी पाठवायची आणि विसरून जायचं, ही तिथली रीत. मग एका गाडीचा दांडा दुसरीला, दुसरीचा दरवाजा तिसरीला, आणि जिथे बसणार नाही तिथे कानस. लोखंड घासायची ती कानस बाबांच्या हाताला सहाव्या बोटासारखी चिकटलेली. "बसत नाही असं काही नसतं, आपण बसवत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. असं करत करत त्यांनी एक अख्खी बस उभी केली होती. तिचे निम्मे भाग एका मोडक्या गाडीचे, निम्मे दुसरीचे, म्हणून डेपोत तिला सगळे 'सासरमाहेर' म्हणायचे. तिचा एक दिवा रस्त्याकडे बघायचा आणि दुसरा झाडावरच्या पाखरांकडे. भोंगा वाजला की लोक बंदराच्या दिशेने बघायचे. पण धावायची पठ्ठी! एकदा वरचे मोठे साहेब तपासणीला आले. गाडीभोवती फेरी मारली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "ही कोणत्या कंपनीची?"

बाबा म्हणाले, "सगळ्याच, साहेब."

डेपोतून निवृत्त झाल्यावर मात्र हा सगळा उत्साह घराकडे वळला, आणि शिवणकाकूंच्या नाकी नऊ आले. काकूंनी गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे शिवले होते, त्यांचं शिवणयंत्र म्हणजे त्यांचा जीव. एके दिवशी यंत्र जरा कुरकुरलं. काकू भाजी आणायला गेल्या तेवढ्यात बाबांनी त्यात बसच्या वायपरची स्प्रिंग बसवली. कानस मारून, अर्थात. काकू आल्या, बसल्या, पॅडल दाबलं, आणि यंत्र जे उधळलं ते थांबेना. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही त्याच्याच खिशाला अशी शिवली गेली, की कोट घालून तो माणूस उभा राहिला असता तर बघणाऱ्याला वाटलं असतं, हा बिचारा मघापासून पाकीट शोधतोय. त्याच संध्याकाळी काकूंनी लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि पहिली गाठ शिवणयंत्राला मारली.

"ही खूण समजा. जिथे लाल दोरा, तिथे तुमचा हात जायचा नाही."

"अगं, पण बिघडलं तर?"

"बिघडलं तर बिघडलेलं राहील. तुम्ही दुरुस्त केलेलं नको."

बाबांनी नियम मानला. दोऱ्याला त्यांनी कधी फसवलं नाही. पण दोरे वाढत गेले तसे ते घरात जरा अंग चोरूनच वावरायला लागले. सकाळी उठून बिनदोऱ्याची वस्तू शोधायची आणि तिच्याभोवती घोटाळायचं, हा त्यांचा दिनक्रम. शेवटी उरल्या चपला आणि कपडे वाळत घालायची दोरी.

अशा घरात सूनबाई आली. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर, त्यामुळे घरात राज्य सासू-सुनेचं आणि बाबा त्यांची प्रजा. सूनबाई आली त्याच दिवशी तिच्या बॅगेचं एक चाक दारातच निखळलं. सगळे आत आहेत असं बघून बाबांनी बॅग मागच्या अंगणात नेली आणि दवाखान्याच्या जुन्या खाटेचं चाक तिला लावलं. चाक फिरलं, पण त्याला डावीकडची ओढ होती. उजवीकडे जायचं असेल तर बॅग समोरच्या माणसाच्या अंगावर घातल्यासारखी ढकलायला लागायची. काकू कपाळाला हात लावून बसल्या. सूनबाईने मात्र बॅग घरभर फिरवली, दोनदा कपाटावर आपटली आणि खळखळून हसली.

"बाबा, हिला आता स्वतःचं मत आलंय!"

काकूंनी लगेच रीळ पुढे केलं. "बांध. पहिल्याच दिवशी बांधलेलं बरं."

"कशाला, आई? राहू दे की."

त्या दिवसापासून आजतागायत सूनबाईच्या एकाही वस्तूला लाल दोरा नव्हता. तिचा टेबलाचा दिवा, तिची छत्री, तिची स्कूटर, सगळं उघडं, बिनदोऱ्याचं. बाबांना ह्याचा केवढा अभिमान! शेजाऱ्यांना तर ते मुद्दाम तिची छत्री दाखवायचे. "बघा. आहे का कुठे गाठ?" काकू म्हणायच्या, "एक दिवस मागेल ती दोरा. मी रीळ जपून ठेवलंय."

सूनबाई स्वयंपाकघरांची चित्रं काढायची. म्हणजे ओटा कुठे, कपाटं कुठे, नळ कुठे, हे सगळं लॅपटॉपवर असं काढायचं की घराच्या मालकिणीला आत उभं राहिल्यासारखं वाटावं. आधी ती दुसऱ्याच्या ऑफिसात हे करायची. ते सोडून तिने स्वतःचं पहिलं काम घेतलं होतं. चौकातल्या बेकरीवालीच्या नव्या घराचं स्वयंपाकघर. उद्या दुपारी चित्रं दाखवायची होती. आणि नेमका लॅपटॉप अडून बसायला लागला. चित्र जरा गोल फिरवलं, की नळ भिंतीतून निघून हवेत लटकायचा आणि पडद्यावर एक चकती गरगर फिरत राहायची. फिरतेच आहे, फिरतेच आहे.

"म्हातारा झालाय का?" बाबांनी मागून डोकावून विचारलं.

"रॅम कमी पडतेय, बाबा. रॅम म्हणजे ह्याचा ओटा. डबे फडताळात कितीही असू देत, एका वेळी काम तेवढंच होणार जेवढं ओट्यावर मावेल. ह्याचा ओटा अगदीच चिंचोळा आहे."

"मग वाढव की ओटा!"

"वाढवायचाय. आत रॅमची एक पट्टी आहे आणि शेजारी एक खोबण रिकामी आहे. हे काम हातावेगळं झालं की दुकानात जाईन."

ती हे सहज बोलून गेली. पण 'एक खोबण रिकामी आहे' हे शब्द बाबांच्या कानात शिरले आणि तिथेच मुक्काम करून बसले. रिकामी खोबण! आणि लॅपटॉपला दोरा नाही! त्यांचे हात असे शिवशिवायला लागले की जेवताना घास दोनदा ताटात पडला.

शेजारच्या वकीलसाहेबांचा एक मेलेला लॅपटॉप होता. वारा आला की खिडकी आपटू नये म्हणून ते त्याचं फटीत टेकण लावायचे. बाबा मागच्या दाराने गेले.

"साहेब, हा मला द्या. आतली एक पट्टी काढून घेतो आणि परत टेकण लावून देतो."

"न्या. पण पुढे काही झालं तर साक्षीला माझं नाव घेऊ नका."

दुपार झाली. सूनबाई खिडकीचं माप पुन्हा एकदा घ्यायला बेकरीवालीच्या नव्या घरी गेली. काकू आतल्या खोलीत आडव्या झाल्या आणि त्यांचं घोरणं एका लयीत लागलं. बाबांनी टेबलावर जुना टॉवेल पसरला, स्क्रू ठेवायला बशी घेतली. असलं काम करण्याआधी लोखंडाला हात लावायचा असतो, हे त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं, म्हणून खिडकीच्या गजाला दोन्ही हात लावून आले. लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली, पाठ उघडली. आत सगळं नवीकोरी शाळा असावी तसं, ओळीने नीटनेटकं. एका खोबणीत पट्टी बसलेली, हिरवी, कडेला सोनेरी दात. शेजारची खोबण रिकामी. बाबांना अगदी गलबलून आलं. इतकी चांगली जागा आणि रिकामी!

वकीलसाहेबांच्या लॅपटॉपमधली पट्टी त्यांनी घातली. गेली आत, पण पूर्ण नाही. पट्टीच्या सोनेरी दातांमध्ये एक खाच होती आणि खोबणीत एक खुंटी. खाच आणि खुंटी समोरासमोर येईनात. फरक किती? केसभर.

केसभर! डेपोत केसभर फरक म्हणजे अख्खा दरवाजा उघडा असल्यासारखं. कंपनीची चूक असणार, बाबांनी मनाशी ठरवलं. घाईघाईत खाच जरा सरकून पडली असेल, होतं असं माणसाकडून. त्यांनी सगळ्यात बारीक कानस काढली आणि त्याच टॉवेलवर, लॅपटॉपच्या उघड्या पोटाशेजारी, पट्टीची खाच घासायला घेतली. फुंकर मारायची, घासायचं, डोळ्यासमोर धरायचं, पुन्हा फुंकर. हात असा चालत होता की बघणारा खूश झाला असता. शेवटी थोडं तेल लावावं म्हणून बुधलीकडे हात गेला, पण बुधलीला लाल दोरा होता. हात मागे आला. त्या दुपारी त्या लॅपटॉपवर कोणी उपकार केले असतील तर त्या गाठीने.

पट्टी तिरकी घातली, खाली दाबली, आणि दोन्ही बाजूंच्या चापांनी तिला कवेत घेतलं. टक्!

तो आवाज ऐकून बाबांनी डोळे मिटले. वस्तू वस्तूत बसल्याचा हा आवाज त्यांना गाण्याहून गोड. आता सूनबाई येईल, चित्र फिरवेल, नळ भिंतीतच राहील, आणि ती म्हणेल, "अय्या, हे कोणी केलं?" मग आपण पेपर वाचत असल्यासारखं दाखवायचं.

त्यांनी बॅटरी परत लावली आणि बटण दाबलं. दिवा लागला. पंखा घुमला. पडदा काळाच. आणि आतून आवाज यायला लागला, पीऽ... पीऽ... पीऽ...

घोरणं थांबलं. आतून झोपाळू आवाज आला, "कोणाची गाडी मागे येतेय हो?"

बाबांनी खालच्या टॉवेलची टोकं उचलून लॅपटॉप झाकला. टॉवेलखालून पीऽ... पीऽ... चालूच. काकू दारात आल्या. टॉवेल बघितला, बशीतले स्क्रू बघितले, कानस बघितली.

"अहो... हे सूनबाईचं?"

बाबांनी मान हलवली. काकू नेहमीसारख्या कडाडल्या नाहीत. बाबांची पाचावर धारण बसली ती तेव्हा. काकू शिवणाच्या डब्यापाशी गेल्या, लाल रीळ काढलं आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या.

"मी काही बोलत नाही. आता तीच मागेल."

बाबांनी धडपडत वकीलसाहेबांची पट्टी काढली. होतं तसं केलं की होईल सुरू, असा हिशेब. पण पुन्हा बटण दाबलं तर जुन्या एकट्या पट्टीवरही पडदा काळाच! त्यांच्या मनात एक भयंकर विचार आला. ओट्यावर काम मांडलेलं असतं, असं सूनबाई म्हणाली होती. आपण त्या ओट्यालाच कानस लावली. आपण बेकरीवालीचं स्वयंपाकघर घासून टाकलं की काय? त्यांनी टॉवेलवर पडलेला हिरवा-सोनेरी कीस चिमटीने गोळा केला, कागदाच्या पुडीत बांधला आणि खिशात ठेवला. असू द्यावा. काही निघालंच त्यातून तर.

सूनबाई आली. चपला काढता काढता थबकली.

"बाबा, तुम्ही असे भिंतीला पाठ लावून का उभे आहात?"

"पोरी, जरा एक गोष्ट झालीय."

"लॅपटॉप?"

"तुला कसं कळलं?"

"आई लाल रीळ मांडीवर घेऊन माझ्याकडे टक लावून बघतायत."

"मी आत एक रॅम बसवली. वकीलसाहेबांची."

"बसली?"

"बसवली."

घरात इतकी वर्षं काढल्यावर सूनबाईला 'बसली' आणि 'बसवली' ह्यातलं अंतर चांगलं ठाऊक होतं. तिने हळूच विचारलं, "कानस?"

"केसभरच गं."

ती खुर्चीत बसली. ती हसली असती तर बरं झालं असतं, ओरडली असती तर आणखी बरं. ती नुसती त्या काळ्या पडद्याकडे बघत बसली. तिचं स्वतःचं पहिलं काम, आणि उद्या दुपारी बेकरीवाली वाट बघत बसणार. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते आणि काकूंच्या मांडीवरच्या रिळाकडे बघायचं टाळत होते. आता ती हात पुढे करणार आणि म्हणणार, द्या आई. मग शेजाऱ्यांना दाखवायला छत्रीसुद्धा उरायची नाही.

ती उठली. "चला."

"कुठे?"

"दुकानात. ती पट्टीही घ्या बरोबर. आणि कानस इथेच ठेवा, बाबा. हातात घेऊन चाललात की."

स्कूटरवर मागे बसून बाबांनी लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता. एरवी वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक बसबद्दल त्यांचं काहीतरी म्हणणं असायचं. आज समोरून एक बस आली, तिचं पुढचं चाक उघड उघड डगमगत होतं, आणि बाबा बोलले नाहीत. सूनबाईने एकदा आरशातून मागे बघितलं.

दुरुस्तीचं दुकान एका जिन्याखाली होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की दुकानदारणीला बाहेर यायला जागा नसायची. गळ्यात दोऱ्याला चिमटा अडकवलेली एक बाई तिथे बसायची. सगळे तिला चिमटेवालीच म्हणायचे. तिने पट्टी हातात घेतली, दिव्यासमोर धरली, उलटी केली, सुलटी केली.

"हे कोणी केलं?"

बाबांनी वर्गात बोट वर करावं तसं बोट वर केलं.

"हात सफाईदार आहे हो काका. लोकांनी दाबून मोडलेल्या पट्ट्या बघितल्यात, उलट्या घातलेल्या बघितल्यात. कानस मारलेली पहिलीच!"

बाबांना क्षणभर बरं वाटलं. सूनबाईच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर ते गेलं.

"पण काका, ही खाच चुकून पडलेली नसते. ही पट्टी मागच्या पिढीची, मशीन ह्या पिढीचं. ह्या दोघांना लागणारा विजेचा दाब वेगळा, बोलणं वेगळं. एकीच्या घरात दुसरी घुसू नये म्हणून तर मुद्दाम तिथे खुंटी ठेवलेली असते. तुम्ही ती अडवणूकच घासून काढलीत. बसलं म्हणजे जमलं असं नसतं. मशीन जळलं नसलं तर नशीब समजा."

"जळलंय का?" सूनबाईने विचारलं.

"बघते."

बाबांनी खिशातून पुडी काढली आणि दबकत पुढे केली. "हे पण बघा."

"हे काय?"

"कीस. हिची चित्रं ओट्यावर मांडलेली होती म्हणे. त्यातलं काही ह्यात आलं असलं तर..."

चिमटेवालीने पुडी उघडली आणि तिचे खांदे हलायला लागले. सूनबाईने तोंड फिरवलं. तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला होता, पण तिने तो लगेच जागेवर आणला.

"बाबा, चित्रं फडताळात आहेत. मशीन बंद केलं की ओटा आपोआप रिकामा होतो. फडताळाला हात लावलात का तुम्ही?"

"छे छे! फडताळ कुठे आहे हेच मला माहीत नव्हतं."

"मग वाचलो."

चिमटेवालीने भिंग लावून आत बघितलं. "हा बघा चोर. कीस उडून खोबणीत गेलाय, जुन्या पट्टीच्या दातांतही अडकलाय." तिने मऊ ब्रशने खोबणी झाडल्या, हवा मारली, जुन्या पट्टीचे दात खोडरबराने हलकेच पुसले, पट्टी बसवली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. सूनबाईने फडताळातून चित्र उघडलं आणि बेकरीवालीचं स्वयंपाकघर आलं, नळासकट. सूनबाईने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. बाबांनी तर चक्क पडद्याला नमस्कार केला.

"आता आलाच आहात तर रॅम वाढवूनच जा," चिमटेवाली म्हणाली आणि तिने एक खण ओढला. आत पट्ट्याच पट्ट्या, नाना कंपन्यांच्या, नाना रंगांच्या. तिने एक उचलली.

आणि इथे एक नवल घडलं. ज्या माणसाने दवाखान्याच्या खाटेचं चाक बॅगेला लावलं होतं, तो माणूस म्हणाला, "थांबा. हिची कंपनी वेगळी दिसतेय."

"असू दे."

"आणि आकडाही वेगळा लिहिलाय. ही मोठी आहे, आमची लहान."

"चालतं, काका."

"आणि हिची चाल?"

"चालही वेगळी. ही जलद आहे, तुमची जुनी हळू."

"मग नको! जोडी सारखी पाहिजे. अगदी एका घाण्यातली."

"सारखी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कोण नाही म्हणतं? पण ह्या मशीनला जुळी शोधत बसलात तर उद्याची दुपार उलटून जाईल. काका, पिढी एकच पाहिजे आणि विजेचा दाब एकच पाहिजे, तिथे तडजोड नाही. बाकी कंपनी, आकार, चाल वेगळी असली तरी बहुतेक वेळा दोघी नांदतात. जलद असते ती हळूच्या चालीने चालते, एवढंच."

बाबांनी विचार केला. "म्हणजे बाजारातून येताना आमची ही जशी माझ्या चालीने चालते तशी."

"तशी."

"पण ती वाटभर बडबडते मला."

"ही नाही बडबडत."

"बहुतेक वेळा नांदतात म्हणालात. म्हणजे कधी नाहीही?"

"कधी नाहीही. कागदावर सगळं जुळतं आणि आत गेल्यावर बिनसतं. म्हणून मी लावून बघते, परीक्षा घेते, आणि नाही पटलं तर काढते. जबरदस्ती करत नाही." तिने पट्टी बाबांपुढे धरली. "घ्या, तुम्हीच बसवा. हात चांगला आहे तुमचा."

बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. "नको. तुम्हीच."

ती पट्टी बसली, मशीन सुरू झालं, परीक्षा लागली. थोड्या वेळाने पडद्यावर लाल ओळी आल्या आणि मशीन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झालं. बाबा स्टुलावरून पडता पडता वाचले. "मी हात लावला नाही! तू बघितलंस, मी हातांवर बसलो होतो!"

"हो बाबा, बघितलं."

चिमटेवालीने शांतपणे ती काढली आणि खणातून दुसरी घेतली. ही आणखी तिसऱ्याच कंपनीची, दिसायला जरा मळकी. परीक्षा पुन्हा लागली. समोरच्या टपरीवरून चहा आला. बाबांनी एका हाताने प्यायला, दुसरा हात मांडीखालीच ठेवला. चहा संपला, पडद्यावरच्या ओळी हिरव्याच. सूनबाईने चित्र गोल फिरवलं. नळ भिंतीत, भिंत जागेवर, चकतीचा पत्ता नाही. फिरवलं उलटं. तरी नाही.

परत येताना बाबांना वाटलं, आता काहीतरी बोलेल. तिने स्कूटर चालवली, घरी आली आणि टेबलाशी बसली ती जेवायलाच उठली.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन गेली आणि बाबांच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. काकूंनी लाल रीळ आणि कात्री सूनबाईच्या टेबलावर मधोमध आणून ठेवली. बाबा पेपर घेऊन बसले. पेपर उलटा होता. काकूंनी तो सुलटा करून दिला, तरी त्यांना कळलं नाही.

"अगं, बांधेल का ती?"

"मी असते तर तुम्हालाच बांधलं असतं."

दारात स्कूटर थांबली. सूनबाई आत आली ती हसतच. "ठरलं! ओटा पसंत, कपाटं पसंत. फक्त खिडकी हातभर सरकवायची. आणि काय म्हणाली माहितीये? म्हणाली, काय भरभर फिरतंय तुझं मशीन, कोणत्या कंपनीचं गं?"

"मग? काय सांगितलंस?" काकूंनी विचारलं.

"सांगितलं, सगळ्याच."

बाबांनी पेपर खाली ठेवला.

तेवढ्यात सूनबाईला टेबलावरचं रीळ दिसलं. तिने ते उचललं. काकू पुढे झाल्या. "मी म्हणत होते ना? बांध, बिजागरीपाशी बांध, निसटायचं नाही." सूनबाईने दोरा ओढला, कात्रीने कापला. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"बाबा, कानस आणा."

"आं?"

"ती बारीक. कालची."

बाबांनी आणून दिली. सूनबाईने कानशीच्या मुठीला लाल दोरा दोनदा गुंडाळला, गाठ मारली, ओढून बघितली आणि कानस काकूंच्या हातात दिली.

"अगं, कानशीला काय बांधतेस! मशीनला बांध!"

"मशीनला हात लागला तर चालेल, आई. कानस लागली नाही म्हणजे झालं."

मग तिने लॅपटॉप उलटा करून बाबांच्या समोर ठेवला. पाठीवरच्या एका भोकात स्क्रू नव्हता. कालच्या धावपळीत बशीतून कुठेतरी घरंगळला असणार. "एक कमी आहे. तुमच्या डब्यात मिळतो का बघा."

बाबांनी स्क्रूंचा डबा आणला. पहिला जाड निघाला. त्यांनी सवयीने डोळ्यासमोर धरला, मुठीला दोरा बांधलेल्या कानशीकडे एक नजर टाकली आणि निमूटपणे परत डब्यात टाकला. दुसरा लांब. तिसरा आखूड. काकू म्हणाल्या, "संध्याकाळ होईल अशाने." बाबा म्हणाले, "होऊ दे, मी जबरदस्ती करत नाही." असं करत त्यांनी सगळा डबा टॉवेलवर पालथा केला. अगदी तळाशी, कोण जाणे कुठल्या जुन्या रेडिओचा, एक काळा स्क्रू सापडला. भोकावर ठेवला, बोटाने फिरवला, आणि तो आपल्या पायाने घरात आल्यासारखा आत गेला.

"बसला," बाबा म्हणाले.

सूनबाईने विचारलं, "बसला की बसवला?"

"बसला गं! आईच्यान, बसला!"